याडी रडत नव्हती

माझी सासू रडते, हे आमच्या अख्ख्या तांड्याला ठाऊक होतं. ती का रडते, हेही ठाऊक होतं. मी रडवते म्हणून. फक्त ती मुळात रडतच नाही, हे कोणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं.

आमच्यात रडण्यालाही रीत आहे. बऱ्याच दिवसांनी माहेरचं माणूस भेटलं की गळ्यात पडून चालीवर रडायचं. लेक सासरी निघाली की ती ढावलो, म्हणजे निरोपाचं गाणं, म्हणत रडते आणि सगळ्या बाया साथ देतात. पण कोणी भेटलं नाही, कोणी निघालं नाही, आणि म्हातारी सकाळीच दारात बसून डोळे पुसत असेल, तर आमचे लोक सरळ चुलीकडं बघतात. चुलीपाशी मी.

सासूचं नाव रुपीबाई. आम्ही तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. गेली दोन-तीन वर्षं तिचे डोळे असेच. वारा लागला की पाणी, धूर लागला की पाणी, काचळीवर, म्हणजे आमच्या चोळीवर, आरसे लावायला सुई घेऊन बसली की पाणी. ती बिचारी सांगायची, "रडून नाही राह्यली मी, डोये चुरचुरतात." त्यावर शेजारची तानाबाई तोंडाला पदर लावून म्हणायची, "लपवून राह्यली. सुनेचा धाक हाय." आता बोला! भांडले तर कजाग, गप्प बसले तर गुन्हा कबूल. मी भांडत होते. तोंड दिलंय देवानं, ते गंजवायचं कशाला?

हेही चालवून घेतलं असतं. पण माझ्या दीपमालाला बघायला दिग्रसकडच्या तांड्यातून धरमसिंगभाऊ आले आणि सगळं फिसकटलं. त्यांचा ओम आणि आमची दीपमाला यवतमाळला एकाच कॉलेजात शिकलेले. पोरांचं आधीच ठरलेलं होतं, मोठ्यांनी फक्त हो म्हणायचं होतं. मी मानानं याडीला पाहुण्यांसमोर बसवलं आणि उकडतंय म्हणून टेबलफॅन नेमका तिच्या तोंडाकडं केला. चहा येईपर्यंत तिच्या गालांवरून धारा.

"काय झालं, याडी?" धरमसिंगभाऊंनी विचारलं.

"काही नाही, बापू," याडी म्हणाली आणि पदरानं गाल पुसले. तानाबाई दारातच उभी होती. तिनं एक मोठा उसासा टाकला. बाईनं उसाशानं माझ्या लेकीचं लग्न मोडलं.

चार दिवसांनी निरोप आला. पोरगी चांगली हाय, पन आईचं वळन पोरीत येते. आमच्या घरच्या म्हातारीवर रडायची पाळी नको. दीपमाला मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही आणि सकाळी मी याडीला घेऊन यवतमाळची एसटी धरली.

डोळ्यांच्या डॉक्टर उज्ज्वला मॅडमनी पापणीत कागदाची पट्टी अडकवली, डोळ्यांत पिवळा थेंब टाकून निळ्या उजेडात पाहिलं, पापणीच्या कडा दाबून पाहिल्या. मग म्हणाल्या, "यांचे डोळे कोरडे आहेत."

माझं डोकंच फिरलं. "मॅडम, दिवसाला दोन पदर भिजवते हे बाई! अन् कोरडे म्हनता?"

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं भाग्य. म्हणाल्या, "लोणच्यावर तेलाचा थर असतो ना, तसा अश्रूंवर तेलाचा बारीक पापुद्रा असतो. ते तेल पापण्यांच्या कडेतल्या ग्रंथींतून येतं. यांच्या ग्रंथी तुंबल्यात. तेल नाही म्हणून डोळ्यातला ओलावा उडून जातो. डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, मग शरीर घाबरून पाणी सोडतं. ते पाणी टिकत नाही, गालावर येतं."

मी ते दोनदा सांगायला लावलं. पाठ करून तांड्यात नेण्यासाठी.

सुरुवातीला गरम पाण्याच्या फडक्यानं शेक, पापण्यांची सफाई आणि थेंब. आराम पडला, पण एसटीतून उतरली की पदर पुन्हा ओला. तेव्हा मॅडमनी उजेडाच्या उपचाराचं सांगितलं. डोळे झाकून खालच्या कातडीवर उजेडाचे झटके देतात. सूज उतरते, ग्रंथींतलं गोठलेलं तेल सैल होतं, मग ते दाबून काढतात. "सगळ्यांनाच गुण येतो असं नाही," त्या म्हणाल्या, "आणि पुढेही काळजी घ्यावीच लागते." मग त्या याडीच्या चेहऱ्याकडं बघत थांबल्या.

याडीच्या दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांना आणि गालावर हिरवं गोंदण आहे. लहानपणी तिच्या आईनं मांडीवर घेऊन गोंदवलेलं.

"या उजेडानं गोंदण तापतं, कातडी भाजते," मॅडम म्हणाल्या. "काही जण आधी लेझरनं गोंदण काढून घेतात."

मला वाटलं, आता याडी उठून चालू पडेल. सोनं-चांदी इथंच राहते, मेल्यावर संगं फक्त गोंदण येते, हे तिच्याच तोंडून मी शंभरदा ऐकलेलं. पण ती खाली बघून म्हणाली, "काढा. माह्या डोयापायी नातीचं लगन नाही मोडलं पाह्यजे."

"नाही काढायचं," मी म्हणाले.

"संगीता, माह्यं तोंड हाय."

"असन तुमचं. पन हात लावू देनार नाही मी." माझा आवाज फाटला. बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावले. वाटलं असेल त्यांनाही, सून सासूवर ओरडतेय! ओरडतच होते. माझ्या नवऱ्याची आई तिच्या आईची खूण माझ्या लेकीसाठी पुसायला निघाली होती, आणि मी गप्प बसू?

मॅडम म्हणाल्या, "मग गोंदण जाड पांढऱ्या पट्टीनं झाकू आणि तेवढी जागा सोडू. कातडी सावळी आहे, उजेड कमी ठेवू, आधी एका बारीक ठिकाणी करून बघू. गुण यायला उशीर लागेल, चालेल?"

"चालन," याडी म्हणाली. तिनं माझा हात धरला होता. तो पट्ट्या लावून होईपर्यंत सोडला नाही.

आधी बारीक जागी करून पाहिलं, कातडी शाबूत राहिली. मग काही आठवड्यांच्या अंतरानं आम्ही जात राहिलो. पहिल्या खेपेनंतर काहीच फरक नाही. दुसऱ्या खेपेनंतरही मी मनातून खचले, पण तोंडानं कबूल केलं नाही. आणि एक दिवस अंगणात बघते तर याडी काचळीला आरसे लावत बसलेली, वारा सुटलेला, आणि पदर खांद्यावर कोरडा. सकाळपासून एकदाही डोळ्याला लावला नव्हता. मी पोळी तव्यावर करपू दिली.

ऐन उन्हाळ्यात मी तिला घेऊन दिग्रसची एसटी पकडली. खिडकीपाशी बसवलं आणि काच पूर्ण उघडली.

"परीक्षा घेऊन राह्यली का माही?" याडी म्हणाली.

"हो."

धरमसिंगभाऊंच्या ओसरीवर दहा-बारा माणसं जमली होती. मी नमस्कार केला आणि म्हटलं, "भाऊ, पंखा आना. याडीच्या तोंडावर लावा. फुल करा."

ते गोंधळले, पण पंखा आणला. याडी ताठ बसून चहा प्यायली. डोक्यावरची टुकरी फडफडत होती, केस उडत होते, आणि गाल कोरडे. मी लोणच्यावरच्या तेलापासून उजेडाच्या झटक्यांपर्यंत सगळं सांगितलं. मॅडमपेक्षा जरा जोरातच.

"म्हंजे तवा ते रडनं नव्हतं?" धरमसिंगभाऊ म्हणाले.

याडीनं चहाची कपबशी खाली ठेवली. गालावरच्या गोंदणावर बोट ठेवलं. "हे पाय, बापू. नातीसाठी हे काढाले तयार झालती मी. हे सून आडवी आली. डाक्टरीनीसमोर माह्यासंगं भांडली. जे सून सासूचं गोंदन वाचवते, ते सासूले रडवन का?"

धरमसिंगभाऊ उठले, स्वतः पंखा बंद केला आणि आतल्या बाजूला हाक मारली, "गूळ आना." आमच्यात गूळ वाटला की सोयरीक पक्की. मी एवढा मोठा खडा तोंडात टाकला की मला बोलताच येईना. याडी म्हणाली, "पह्यल्यांदाच."

लग्न दणक्यात झालं. दीपमालानं याडीनं आरसे लावलेली काचळी घातली होती. निघायच्या वेळी तिनं याडीच्या गळ्यात पडून ढावलो धरला. बायांनी साथ दिली. याडीचा आवाज सगळ्यांत वर होता आणि तिच्या गालांवरून, गोंदणावरून, पाणी वाहत होतं.

तानाबाईनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. सवयच ती.

याडी गाता गाता थांबली. "तानाबाई, तिकडं काय पाह्यते? इकडं पाय. नात चालली माही, रडून राह्यली मी!"

आणि तिनं हात लांब करून मलाही गळ्याशी ओढलं. मग मीही रडले. चालीवर, मोठ्यानं, अख्ख्या तांड्यासमोर.