शिट्टी वाजली की मागे

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि तिथून पुढे जायला आता जागाच उरली नव्हती.

"परत सांगा," ती म्हणाली. "मला नीट ऐकू आलं नाही."

"अगदी नीट आलंय," नवा ट्रेनर म्हणाला. पोपटी बूट, छाती पुढे, बोलताना स्वतःच्याच दंडाकडे बघायची सवय. "उद्याच्या शर्यतीत गटातला शेवटचा माणूस रेषा ओलांडेल तेव्हा आपलं घड्याळ थांबणार. मग शेवटचा ढिला असून कसं चालेल? मावशी बाकावर बसतील. सामानाकडे कुणीतरी लक्ष द्यायला हवंच ना?"

मावशी म्हणजे शिवणमावशी. दिवसभर दुकानात मशीनवर वाकून पडदे आणि गणवेश शिवायची आणि सकाळी मैदानावर येऊन तीच पाठ सरळ करायची.

मैदानावर रोज सकाळी पळणाऱ्या या गटाचा एकच नियम होता. पोस्टमनकाकांनी गट काढला तेव्हाच घातलेला. पळताना काकांची शिट्टी वाजली, की पुढच्यांनी गर्रकन वळायचं, सगळ्यात मागच्या माणसाच्याही मागे जायचं आणि तिथून पुन्हा पळत सुटायचं. म्हणजे पुढे गेला म्हणून कुणी शेफारणार नाही आणि मागे पडला म्हणून कुणी एकटा पडणार नाही. "जन्मभर पत्रं वाटली, एक घर वगळलं नाही," काका म्हणायचे, "आता माणूस वगळू होय?"

ठिणगी पहिल्यांदा आली तेव्हा शाळेत खेळाच्या तासाला हमखास पोट दुखणारी मुलगी होती. अर्ध्या फेरीतच तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेजारी भात्यासारखी धापा टाकणारी मावशी म्हणाली, "थांबू नकोस गं बाई! तू थांबलीस तर मी शेवटची होईन, माझी अब्रू जाईल!" हसता हसता फेरी कधी संपली कळलंच नाही. तेव्हापासून दोघींची गट्टी. आता ठिणगी सगळ्यांच्या पुढे पळायची, पण शिट्टी वाजली की वळून मावशीकडेच यायची.

आणि आज हे सगळे नुसते माना डोलवत होते! पाववाला तर बुटाची नाडी अशी निरखत होता, जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय.

"काका, तुम्ही तरी बोला!"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे, पोरी."

"एका दिवसापुरती घरं वगळायचात का तुम्ही?"

शेवटी मावशीनंच ठिणगीचा दंड धरून तिला बाहेर ओढलं.

"पुरे झालं. उद्या तू पळायचंस. नाही पळालीस तर माझ्याशी बोलू नकोस."

"आणि परवा?"

"परवापासून मी येत नाहीये. दुकानात कामं तुंबलीत."

"खोटं बोलतेस!"

"खोटं तर खोटं. जन्मभर लोकांची मापं घेतली गं. आज माझं कुणीतरी घेतलं आणि मी कमी भरले."

ठिणगीला आता मावशीचाही राग आला. भांडायचं सोडून ही निघाली घरी!

दुसऱ्या दिवशी ती पळाली ती रागाच्या जोरावर. पाच गट, मैदानाला चार फेऱ्या. दात ओठ खात ती पुढे निघाली आणि तिच्या मागे अख्खा गट खेचला गेला. शेवटच्या फेरीत त्यांनी बाक मागे टाकला तेव्हा पुढे एकच गट उरला होता आणि तोही दमला होता.

ट्रेनरचा घसा ओरडून बसला. एरवी तो टाळ्या वाजवून कसरत करून घ्यायचा, आता टाळ्या कुणाला ऐकू जाणार? त्यानं बाकावरची काकांची पिशवी उघडली आणि शिट्टी काढली.

"अहो, ती नको—" मावशी म्हणाली. पण तिचं ऐकतंय कोण? गाल फुगवून त्यानं अशी शिट्टी फुंकली, की झाडावरचे पक्षी उडाले.

पाववाला गर्रकन वळला. गटातल्या दोघी जुळ्या बहिणी वळल्या. काका वळले. ठिणगीला कळायच्या आत तिचेही पाय वळले. समोरून येणाऱ्या गटांमधून वाट काढत सगळे उलटे धावत सुटले, थेट बाकापर्यंत. शेवटी कोण असतं, हे पायांना पाठ होतं.

"इकडे कुठे कडमडताय?" मावशी किंचाळली. "जिंकत होतात की, मेल्यांनो!"

"शिट्टी वाजली ना," पाववाला धापा टाकत म्हणाला आणि मग आपण काय केलं ते कळून त्याचा चेहरा पडला.

"वेडे आहात का सगळे?" ट्रेनर बसक्या आवाजात ओरडला.

"मावशी, ऊठ," ठिणगी म्हणाली.

"नाही उठणार."

"हे काही तुझ्या प्रेमानं आलेले नाहीत. सवयीनं आलेत. काल माना डोलावल्या त्या यांनीच, आणि मी एकालाही माफ केलेलं नाही. पण पाय तरी तुझ्याकडे आले ना? मग ऊठ. आमचं घड्याळ अजून चालूच आहे."

मावशीनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणाची नजर वर होईना. मग ती उठली. मांडीवरच्या सगळ्या पिशव्या तिनं ट्रेनरच्या हातात कोंबल्या.

"धर रे. सामानाकडे कुणीतरी लक्ष द्यायला हवंच ना?"

ते सगळ्यांत शेवटी आले. बाकीचे गट पाणी पिऊन गप्पा मारत बसले होते. काका ठिणगीच्या जवळ येत पुटपुटले, "चुकलं माझं, पोरी."

"आधी पळा. उद्या भांडू."

ती मुद्दाम मावशीच्या एक पाऊल मागे पळत होती. मावशीचा भाता जोरात चालू होता.

"उद्या येणारेस ना?"

"येते," मावशी म्हणाली. "या पाववाल्याला तुझ्या एकटीच्यानं झाडून व्हायचं नाही."