माकडाच्या शेपटीवर वाचणारी निलम

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे कसा, तर तोंड ट्रंकेएवढं आणि पाठीला भलंमोठं कुबड. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसण्यासारखं फारसं नाही. शिरड शहापूरजवळच्या एका बंजारा तांड्यावर शाळा आहे. तिथे वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात, खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांना टेकून मी बसलेला असतो. बटण दाबलं तर आता नुसतं गुरगुरायला होतं.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीटसं ठाऊक नाही. तोंड एकीकडचं, मेंदू दुसरीकडचा. परभणीच्या एका दुकानात कुणीतरी स्क्रू पिळून मला उभं केलं. उमेदीची वर्षं एका ऑफिसात गेली. मग तिथे नवा, चपळ संगणक आला आणि साहेब म्हणाले, "हा शाळेला देऊन टाका." शहराला नकोशी झालेली वस्तू खेड्याला दान! वर फोटो काढून घेतला तो वेगळाच.

तांड्यावर मात्र माझं कौतुक झालं, ते मी जन्मात विसरणार नाही. तांड्याचे प्रमुख थावरा नायक, त्यांनी नारळ फोडला. जिवनबाईंनी माझ्यासाठी आरसे आणि कवड्या लावून, रंगीत टाके घालून झाकण शिवलं. एवढं मला कधी कुणी नटवलं नव्हतं. ही २००३ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट.

शाळेत गुरुजी एकच, रामप्रसाद. वर्ग चार. एका वर्गाला पाढे सांगावेत तर दुसऱ्या वर्गात मारामारी. माणूस मनाने चांगला, पण पार पिचून गेलेला. आणि दुसरीच्या वर्गात होती निलम, जिवनबाईंची नात. नाकात सदा शेंबूड आणि डोळ्यांत सदा प्रश्न. घरी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलायची आणि शाळेतली मराठी तिला पाहुण्यासारखी वाटायची.

निलमचे आईबाप, मिना आणि अमरसिंग, दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. निलम मागे आजीपाशी राहायची. पण त्या वर्षी मिनाच्या कडेवर दिपक होता, अंगावर पिणारा. आई कोयता चालवणार, तर फडाच्या कडेला लेकरू सांभाळायचं कुणी? अमरसिंग शाळेत आला आणि सरळच बोलला.

"गुरुजी, पोरगी दिवाळीपतुर वाचायला लागली तर आजीपाशी ठेवतो. शाळा वाया जाऊ देत न्हाई. न्हाई लागली, तर इथं बसून तरी काय करील? संगं नेतो, लहान्याला तरी बघंल."

गुरुजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लागेल की! आता हा आलाय ना."

पी हळद अन् हो गोरी! मी काय जादूगार होतो? माझ्या पोटात जे घालाल तेच मी तोंडावर दाखवणार.

पोटात घालायला गुरुजींनी हिंगोलीहून वाचनाच्या खेळांच्या दोन सीड्या आणल्या. एक ठेवायची, एक परत करायची. आता तांड्याची रीत अशी, की सगळ्यांच्या लेकरांचा प्रश्न असला की नसाब बसते. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. ती बसली थेट वर्गात, माझ्यापुढे. निलमला माझ्यासमोर बसवलं आणि पहिली सीडी लावली.

त्या सीडीत एक बाई हळू आवाजात अक्षर म्हणायची. क. मग म. मग ळ. मग गप्प बसायची आणि लेकराची वाट बघायची. चुकलं तर पुन्हा तेच, न रागावता. बरोबर आलं तर नुसतं पुढचं पान. निलमने बोट लावून लावून अक्षरं जुळवली, अडखळली, पुन्हा मागे गेली आणि शेवटी म्हणाली, "कमळ!" मित्रांनो, तिने खरोखर वाचलं होतं. तिचं नाक माझ्या काचेला टेकलेलं होतं, मी सांगतो ना. पण मागे लोक जांभया देत होते.

"हे तर दुसरं मास्तरच झालं," थावरा नायक म्हणाले. "एक हाय तेच बास हाय." सगळे खो खो हसले.

दुसऱ्या सीडीत माकड होतं. ढोलकी वाजायची, चांदण्या उडायच्या. तीन शब्द दिसायचे आणि सांगितलेला शब्द उंदराने, म्हणजे माउसने, टिपला की माकड ओरडायचं, "शाबास!" लेकरं नाचायला लागली. म्हाताऱ्यासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. उथळ पाण्याला खळखळाट फार, पण ऐकणाऱ्याला तोच गोड लागतो.

"लेकरं जिकडं खुश, तिकडं शिक्षण," नायक म्हणाले. "हीच ठेवा."

नसाबीत नायकांचा शब्द पडला, की मागे फिरत नाही. गुरुजींना पहिली सीडी बरी वाटली होती, तसं ते घरी जाताना पुटपुटलेही. पण पहिलीसाठी लेकराशेजारी कुणीतरी बसायला हवं होतं, कमळ म्हणजे काय ते गोरमाटीत सांगायला हवं होतं. दुसरीसाठी नुसतं बटण दाबलं की झालं. चार वर्गांच्या धन्याला हे कसं नको होईल! पहिली सीडी परत करायचीही राहून गेली. पुढे पोरांनी ती दोऱ्याला बांधून ज्वारीत टांगली. पाखरं भितात म्हणे तिला.

आणि इकडे खेळ रंगला. मला लवकरच कळलं की निलम अक्षरांकडे बघतच नाही. उंदीर बरोबर शब्दावर गेला, की टिपायच्या आधीच माकडाची शेपटी जराशी हलायची. बनवणाऱ्याची हयगय, दुसरं काय! पण लेकराची नजर घारीची. ती उंदीर तिन्ही शब्दांवरून फिरवायची, शेपटी हलली की दाबायची. शाबास! गुरुजी लांबून ऐकायचे आणि खूश व्हायचे. तांडाभर झालं, निलमला वाचता येतं. निलमलाही तसंच वाटायचं. हे सगळ्यांत वाईट. ती लबाडी करत नव्हती हो, तिला वाटायचं यालाच वाचणं म्हणतात. माझा जीव तुटायचा. पण मला बोलता कुठे येत होतं? माझ्या तोंडून निघायचं ते माकडाचंच.

दिवाळी झाली. शाळेसमोर ट्रक येऊन उभा राहिला. भांडी, गोधड्या, कोंबड्या चढल्या. अमरसिंग आणि मिना वर्गात आले. गुरुजींनी हौसेने मला सुरू केलं. निलमने एकही शब्द चुकवला नाही. अमरसिंगने पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले.

"राहू द्या हिला इथंच," तो म्हणाला. "लहान्याचं आमी बघू कसंबी."

मिनाने लेकीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. आणि नेमकी लाईट गेली. आमच्याकडे लाईट जायला मुहूर्त लागत नाही. माझी काच काळी झाली, डोळे-कान मात्र उघडे होते. पुढचं मी कसं पाहिलं-ऐकलं ते विचारू नका, पण पाहिलं.

"जाऊ द्या लाईट," अमरसिंग म्हणाला. "बेटा, पुस्तकातलं वाच दोन ओळी. सा महिने कानात राहील."

निलमने पुस्तक उघडलं. अमरसिंगने एका शब्दावर बोट ठेवलं. तिने शब्दाकडे पाहिलं आणि मग गुरुजींच्या तोंडाकडे.

"कमळ?" ती म्हणाली. गुरुजींचा चेहरा हलला नाही. "बदक?" पुन्हा त्यांच्या तोंडाकडे. "मगर?"

गुरुजींनी मान खाली घातली.

"गुरुजी," अमरसिंग हळूच म्हणाला, "ही तुमच्याकडं काहून बघून राहिली?"

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. "हिला ठेवा," गुरुजी म्हणाले. "मी शेजारी बसून शिकवतो. शप्पथ घेतो."

"आता कवा, गुरुजी? दिवाळी तर झाली."

अमरसिंगने तिचा हात धरला. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. निलम मात्र दाराची चौकट धरून रडायला लागली.

"बा, थांब ना! लाईट येऊ दे. लाईट आली की मला वाचता येतं!"

ट्रक गेला. गुरुजींनी ती माकडाची सीडी काढून मोडून टाकली, पण त्याने काय होणार? उन्हाळ्यात निलम परत आली. वर्गातली पोरं पुढे गेली होती. लहानग्यांत बसायची तिला लाज वाटायची. पुढच्या दिवाळीला पुन्हा ट्रक, त्याच्या पुढच्या दिवाळीला पुन्हा. मग ती शाळेकडे फिरकलीच नाही. मी जळलो, कोपऱ्यात गेलो. जिवनबाई वारल्या. गुरुजींची बदली झाली.

मित्रांनो, आपली कहाणी सांगून झाल्यावर चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या असतात. मीही जुळवत होतो, की बाबांनो, लेकरासाठी खेळ निवडताना त्याचा आवाज बंद करून बघा, आणि लेकरू खेळलं की त्याच्यापुढे कागद धरून बघा. पण माझ्याआधी दुसरंच कुणीतरी सांगून गेलं.

परवा शाळेत नवा संगणक आला, पातळ आणि चकचकीत. नव्या रागिणीबाई खेळांच्या सीड्या चाळत होत्या. तेवढ्यात एक तेरा-चौदा वर्षांची पोरगी लहान भावाला घेऊन आली. हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. मी तिला डोळ्यांवरून ओळखलं. प्रश्न मात्र त्यांत उरले नव्हते.

"बाई, हा दिपक," निलम म्हणाली. "याला खेळ लावून सोडू नका. याच्याजवळ बसा. खेळ थांबवून, बोट ठेवून विचारा त्याला, हे काय हाय म्हणून."

रागिणीबाईंना हसू आलं. "बरीच हुशार आहेस गं. तुला येतं वाटतं वाचता?"

"न्हाई येत," निलम म्हणाली. "म्हणून तर सांगून राहिले."

मित्रांनो, माझं नका ऐकू हवं तर. तिचं ऐका.