किती सरकली?

बत्तीस वर्षं मी शाळेत भाषा शिकवली. अलंकार आणि शब्दशक्ती हे माझे हातखंडा विषय. रूपकाला साम्य लागतं आणि लक्षणेला नुसता शेजार पुरतो, हे मी पोरांकडून घोटून घ्यायचो. चिडलेल्या बाईला 'वीज' म्हटलं की ते रूपक. 'किटली उकळली' म्हटलं तर उकळतं पाणी, नाव मात्र शेजारच्या किटलीचं होतं, म्हणून ती लक्षणा. किटलीचं उदाहरण माझं स्वतःचं, पुस्तकातलं नव्हे.

माझी थोरली लेक याच विषयात विद्यापीठात पहिली आली. आता ही प्राध्यापक होणार, म्हणून मी कपाटातला एक कप्पा तिच्या पुस्तकांसाठी रिकामासुद्धा केला. आणि हिने नोकरी धरली आपत्कालीन नियंत्रण कक्षात. आग लागली, काही कोसळलं, कुणी अडकलं की लोक जो नंबर फिरवतात, तो उचलायचा आणि गाड्या पाठवायच्या. नातेवाइकांनी विचारलं की मी "सरकारी नोकरी आहे" असं म्हणून विषय बदलायचो. आपली पोरगी फोन उचलते, हे काही माझ्या तोंडून निघत नसे.

तिला त्याचं काहीच नव्हतं. घरी आली की पाय पसरून बसायची आणि किस्से सुरू.

"बाबा, तुमची लक्षणा आमच्याकडे दिवसभर राबते. 'चार नंबर जेवतेय, दोन नंबरला पाठवा.' आज तर म्हणे शिडीच्या बायकोला ताप आलाय, म्हणून शिडी रजेवर!"

शिडीच्या गाडीचा चालक म्हणजे शिडी. माझी बायको हसून हसून बेजार झाली. मीही हसलो, पण जरा हातचं राखून.

एकदा एका बाईचा फोन आला. माझ्या संसाराला आग लागली हो, असा टाहो. लेकीने विचारलं, "ज्वाळा दिसताहेत का?" बाई म्हणाली, "ज्वाळा कसल्या गं बाई, नवरा सोडून गेला." त्याच आठवड्यात एक गृहस्थ अगदी निवांत आवाजात म्हणाले, "आमचं स्वयंपाकघर पेटलंय." ते खरोखरच पेटलं होतं.

"टाहोवरून काही कळत नाही," लेक म्हणाली. "शब्दांवरूनही नाही. विचारावं लागतं."

"काय विचारतेस?"

"ते माणसागणिक वेगळं."

हे उत्तर मला पटलं नव्हतं. मला नियम लागतो.

नियम त्यांच्या कक्षप्रमुखांनाही लागत असे. गृहस्थ सरळ होते, जवानी आगीशी झुंजण्यात गेलेली. ढिगारा उपसायची अवजारं असलेली मोठी गाडी गावात एकच होती. मागे एकदा ती खोट्या फोनवर गेली आणि नेमकी तेव्हाच दुसरीकडे हवी होती. तेव्हापासून त्यांनी कागद काढला, की आधी छोटी गाडी जाऊन खात्री करील, मगच मोठी निघेल. कागद प्रत्येकीच्या टेबलावर चिकटवलेला होता.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास लेकीने फोन उचलला. पुढचं बोलणं मी नंतर लेकीने मिळवून दिलेल्या ध्वनिमुद्रणावर माझ्या कानांनी ऐकलं, म्हणून शब्दाला शब्द सांगतो.

पुरुषाचा आवाज होता, घोगरा, थोडा संकोचलेला. "मॅडम, पायाखालची जमीन सरकतेय."

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने कपाळाला हात लावला. असे फोन रोजचेच होते. कुणाची नोकरी गेली, कुणाच्या मुलाने घर सोडलं.

लेक म्हणाली, "किती सरकली?"

"दोन बोटं. मघाशी एकच जात होतं."

"कुठे जात होतं?"

"जिन्याच्या पायरीत आणि भिंतीत. मी वॉचमन आहे इथला. शेजारी नव्या इमारतीचा खड्डा खणलाय ना, त्या अंगाला भेग पडलीय. दरवाजे लागत नाहीत."

"किती मजले?"

"तळमजल्यावर चार. मॅडम, मी उगाच फोन केला का?"

"अजिबात नाही. पत्ता सांगा."

त्याने पत्ता सांगितला. सांगून होईपर्यंत लेकीने मोठ्या गाडीचं बटण दाबलं होतं. कक्षप्रमुख मागून आले. त्यांचा आवाजही मुद्रणात आहे, लांबून आलेला. "खात्री?"

"झाली, सर."

"कुणी केली? गाडी पोचली का तिथे?"

"त्याच्या दोन बोटांनी केली, सर. जबाबदारी माझी."

ते काय म्हणाले ते ऐकू येत नाही. पण गाडी थांबवली नाही त्यांनी, हेही सांगितलं पाहिजे.

मग लेक वॉचमनला म्हणाली, "इमारत रिकामी करायची. खड्ड्याच्या बाजूचा जिना वापरू नका. दुसरा आहे?"

"आहे मागे."

तो धावतोय, दारं वाजवतोय, माणसं बोलताहेत, पोरं रडताहेत, हे सगळं फोनवर ऐकू येतं. दर मिनिटाला तो खबर देत होता. "तळमजला निघाला. पहिला, दुसरा निघाला. चौथा उतरतोय." आणि मग, "मॅडम, तिसरा मजला ऐकत नाही."

"तिसरा म्हणजे कोण? नेमकं सांगा."

"एकट्या आजी आहेत. दार उघडलंय, पण खुर्चीतून उठत नाहीत. जिना मागचा अरुंद आहे, मला एकट्याला उचलून नेता येणार नाही."

"फोन त्यांच्या कानाला लावा."

लेकीच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं होतं, आता ही आजींना भेग, खड्डा, दोन बोटं सांगणार. पण आधी आजीच बोलल्या. आवाज कापरा, पण ठाम. "बाई गं, हे घर म्हणजे आमच्या ह्यांची छाती आहे. एकेक वीट त्यांनी रक्त आटवून लावली. ह्या छातीवरून मला उठवू नका."

लेक पुढे बोलली ती अगदी हळू आवाजात, जशी ती तिच्या आईशी बोलते.

"आजी, छाती दमलीय त्यांची. भार सोसवत नाहीये. तुम्ही उतरलात तर जरा हलकं वाटेल त्यांना."

खुर्ची सरकल्याचा आवाज. आजी म्हणाल्या, "काठी दे रे माझी."

मोठी गाडी पोचली तेव्हा एकेचाळीस माणसं रस्त्याच्या पलीकडे उभी होती. कुणाच्या हातात भाजीची पिशवी, कुणाच्या अंगावर टॉवेल. जवानांनी तिसऱ्या मजल्याच्या मागच्या जिन्यातून आजींना उचलून खाली आणलं आणि दोर बांधून रस्ता बंद केला. त्यानंतर सतरा मिनिटांनी खड्ड्याच्या बाजूची भिंत गेली, आणि तिच्या पाठोपाठ दोन मजले. माणूस एकही सापडला नाही, कारण आत कुणी नव्हतंच.

संध्याकाळी लेक घरी आली. किस्सा नाही, काही नाही. डबा बाहेर काढला, हात धुतले आणि माझ्यासमोर बसली.

"बाबा, 'पायाखालची जमीन सरकली' असंच म्हणतात ना? 'सरकतेय' असं कुणी म्हणतं का?"

मी खुशीत आलो. कोश काढले, जुन्या वह्या काढल्या. तासाभराने निकाल दिला. "बहुधा 'सरकली'च म्हणतात, घडून गेल्यावर. पण 'सरकायला लागली' म्हणणारेही आहेत. काळावरून छातीठोक सांगता येणार नाही."

"तेच मला वाटलं. म्हणून मी 'किती' विचारलं."

"किती?"

"वाक्प्रचारातली जमीन किती सरकली ते कुणाला सांगता येत नाही, बाबा. ज्याची नोकरी गेलीय, त्याला 'किती' विचारलं तर तो गोंधळतो. ज्याची जमीन खरंच सरकतेय, तो बोटं मोजून सांगतो."

आणि मग तिने सगळी हकिगत सांगितली. माझ्या हातातला कोश उघडाच राहिला. बत्तीस वर्षांत वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ ओळखायच्या खुणा मी फळ्यावर किती वेळा लिहिल्या असतील. त्यांत ही एका शब्दाची खूण नव्हती. ती कुठल्याच पुस्तकात मला भेटली नव्हती.

"आणि आजींना मोजमाप का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"त्या मोजत नव्हत्या, बाबा. त्या आजोबांशी बोलत होत्या. मी मध्येच दोन बोटांचं बोलले असते तर त्यांना ऐकूच गेलं नसतं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती डोळे पुसत म्हणाली, "अहो, आता तरी तिला जेवू द्या."

चौकशी झालीच. कागदावरचा नियम मोडला होता. लेकीने मुद्रण ऐकवलं आणि आपलं म्हणणं चार वाक्यांत मांडलं. कक्षप्रमुखांनी तिथेच कबूल केलं की छोटी गाडी आधी पाठवली असती तर मोठी पोचायला वीसेक मिनिटं उशीर झाला असता, आणि तिसऱ्या मजल्यावर जायला जवानांना वेळ उरला नसता. त्यांनी स्वतः टेबलांवरचे जुने कागद ओरबाडून काढले. नव्या कागदावर पहिली ओळ आली: किती, कुठे, कशाने मोजलं, हे विचारा. खाली एक जादा ओळ त्यांनी हाताने लिहिली: माणूस मोजत नसेल तर तो ज्या भाषेत बोलतोय त्या भाषेत बोला.

हल्ली मला कुणी विचारलं की माझी लेक काय करते, तर मी समोरच्याला आधी बसायला सांगतो. थोडक्यात उरकण्यासारखी गोष्ट नाही ती. बायको म्हणते, दूधवाल्यालासुद्धा मी ती दोनदा ऐकवलीय. ऐकवली असेल.

पुढच्या महिन्यात नव्याने भरती झालेल्या मुलामुलींना शिकवायचं काम तिच्याकडे आलं. पहिल्या दिवशी मला मागच्या बाकावर बसायची परवानगी मिळाली. खोली साधीच होती. वीसेक खुर्च्या, भिंतीवर गावाचा नकाशा, टेबलावर एक फोन. मी वही नेली होती. वरच्या कोपऱ्यात तारीख घातली आणि समास आखला.

दार उघडून ती आत आली. हातात फक्त खडू. पोरं आपापसांत बोलत होती, त्यांचं लक्ष नव्हतं. मी उठून उभा राहिलो. गुडघे कुरकुरले, खुर्ची मागे सरकली, तशा सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, आणि मग एकेक करत अख्खा वर्ग उभा राहिला.

तिने माझ्याकडे पाहिलं. कान लाल झाले होते तिचे.

"बसा," ती म्हणाली, आणि आम्ही सगळे बसलो.