एंटर दाबायची सवय

"वहिनी, अगं बघून तरी दाब!" नणंद खुर्चीतून अर्धी उठलीच.

"न बघताच दाबायचंय. तीच तर परीक्षा आहे." वहिनींनी नजर मुद्दाम हातातल्या कागदावर ठेवली.

एकतीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खोलीत अशीच काढली होती. डोळे कागदावर, बोटं कीबोर्डवर आणि ओळ संपली की उजव्या करंगळीनं एंटर. त्याच करंगळीनं दोन वर्षांपूर्वी घात केला. जुना कॉम्प्युटर रखडायला लागला, म्हणून त्यांनी एक फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला घेतली. स्क्रीन प्रश्न विचारत गेली, करंगळी एंटर दाबत गेली. त्यातला एक प्रश्न होता, डिस्क पुसू का?

डिस्कवर नवऱ्याच्या आवाजातली अकरा रेकॉर्डिंगं होती. नळदुरुस्ती करणारा माणूस तो. दुखणं हाताबाहेर गेल्यावर त्यानं बायकोसाठी सगळं बोलून ठेवलं होतं, वॉशर कसा बदलायचा, टाकी भरून वाहायला लागली तर आधी काय बंद करायचं. सगळी गेली.

वहिनी आठवडाभर रडल्या. मग त्यांनी ती सिस्टिम बनवणाऱ्यांना चांगलं खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण दुसऱ्याच दिवशी आलं. 'चूक तुमची नाही, आमच्या स्क्रीनची आहे. सुधारायला मदत कराल?'

वहिनी चाटच पडल्या. तेव्हापासून प्रत्येक नवी आवृत्ती त्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकून बघायच्या आणि काय अडलं ते कळवायच्या. पलीकडे सिस्टिम बनवणारे तरी कोण, कुणी बेकरीवाला, कुणी शाळामास्तर, कुणी जहाजावरची इंजिनिअर. पैसा कुणालाच मिळत नव्हता. कधी तोंडही न पाहिलेल्या बाईच्या करंगळीपायी ही माणसं तीन आठवडे स्क्रीनवरच्या एका बटणावरून आपसात भांडली होती. ते आठवलं की वहिनींना भरून यायचं.

आज त्या सुधारलेल्या स्क्रीनची शेवटची तपासणी होती. एंटर. एंटर. एंटर. आणि पुढची स्क्रीन येईना.

"काय गं झालं?" नणंद वाकून वाचू लागली. "'या डिस्कवर तुमच्या चारशे बारा फाइली आहेत. खरंच पुसायच्या असतील, तर पुसा हा शब्द टाइप करा.' अगंबाई! हे तर थांबलं की!"

वहिनींनी पुन्हा एंटर दाबलं. पुन्हा. स्क्रीन ढिम्म.

"पुरे आता, मोडशील ते बटण!" नणंद हसली. करंगळी थांबेना, तसं तिचं हसू ओसरलं. ती हळूच म्हणाली, "हे तेव्हा असतं, तर दादाचा आवाज राहिला असता गं."

"हो ना."

वहिनींनी अहवाल लिहायला घेतला. 'अकरा वेळा एंटर दाबलं. अकराही वेळा थांबलं.' तो पाठवला आणि उजवी करंगळी डाव्या मुठीत घट्ट धरली.