आबांचा हात

माझे सासरे हौसराव आबा. मेंढरं राखण्यात त्यांचा जन्म गेला. जनावराच्या कानाला हात लावला की ताप हाय का न्हाई ते सांगायचं, आन् अख्खं भांडगाव ते मानायचं. मेंढरं गेली, मी वराहपालन काढलं, तवा गाव फिदीफिदी हसलं. आबा न्हाई हसलं. रोज सकाळी एकेका मादीचा कान चाचपल्याबिगर चहा घ्यायचं न्हाईत.

औंदा सगळ्या माद्या गाभण हुत्या. मी शिरूरकडनं नवा नर आणला. कसला देखणा गडी! पर माझी लेक प्रगती पुण्यात विषाणूंच्या लॅबमधी हाय. तिनं बजावलं, "रक्ताचा रिपोर्ट येईस्तवर त्याला लांब ठेव. विषाणू असला तर गाभण माद्या पिलं टाकतील." मी त्याला शेताच्या टोकाला, रिकाम्या कांदाचाळीत घातलं आन् कुलूप ठोकलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर काय! आबा चाळीच्या फटीतनं हात घालून त्याचा कान चाचपत हुतं.

"सुलक्षणा, कान गार हाय. उगा कोंडलंस बिचाऱ्याला," म्हणालं, आन् तोच हात घेऊन माद्यांकडं निघालं.

मी पळत जाऊन त्यांचं मनगट धरलं. सुनेनं सासऱ्याचा हात धरावा! आबा लालबुंद झालं.

"सोड! लाज हाय का?"

"न्हाई सोडत! आधी हात धुवा, कपडं बदला. चप्पल बी हितंच ऱ्हाऊ द्या."

मग मी प्रगतीला फोन लावून त्यांच्या कानाला दिला. ती म्हणाली, "आबा, विषाणू शिरला की अंगातल्या पेशी आरोळी ठोकतात, तेव्हा ताप येतो. हा लबाड आत शिरून आधी आरोळी देणाऱ्याचंच तोंड दाबतो. अंगाला पत्ताच नाही, मग कान गरम कसा होणार?"

"म्हंजी मेंढरांच्या वाड्यावरच्या कुत्र्यांचं तोंड बांधून शिरलेला चोर," आबा पुटपुटलं. पर त्या दिवशी माझ्या हातचं जेवलं न्हाईत.

रिपोर्ट आला. नराच्या रक्तात विषाणू! डॉक्टर नराला घेऊन गेलं, माद्यांचं बी रक्त नेलं. तवापासनं आबा गोठ्याकडं फिरकलं न्हाईत. वट्यावर बसून आपल्या तळहाताकडं बघत ऱ्हायचं. माझा जीव तुटायचा.

मग फोनवर प्रगती वरडली, "आई, एकीलाही नाही!" मी तिथंच रडले आन् हसले.

माद्या व्याल्या. पिलांनी गोठा भरला. आबांनी चौकात पेढे वाटलं. डुकराच्या बाळंतपणाचं पेढे! हसणाऱ्यांनी बी मुकाट खाल्लं.

परवा दुसरा नर आला. टेम्पोचं फळकं पडताच आबा पुढं झालं, सवयीनं हात उचलला, आन् तसाच मागं घेऊन पाठीशी बांधला.

"कांदाचाळीत घाला," ड्रायव्हरला म्हणालं. "आन् किल्ली मालकिणीकडं द्या."

लगीन होऊन आले तवापासनं त्यांनी मला मालकीण म्हणलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.