चपलांची राखण

परदेशात घर थाटल्यापासून दर उन्हाळ्यात काकूबाई समुद्रावर जायची, आणि दर उन्हाळ्यात चटईवर बसून सगळ्यांच्या चपला राखायची. चाळिशी अजून लांब होती, पण कॉलेजातल्या मैत्रिणींनी ठेवलेलं हे नाव तिला जन्माचं चिकटलं होतं. भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या घालणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार? तिनेही ते हसून घेतलं. बाहीखालचं कोड कुणाला कळण्यापेक्षा काकूबाई परवडली, हे तिच्या आईने तिच्या मनावर पक्कं बिंबवलं होतं.

लग्न ठरवताना मात्र काही लपवलं नव्हतं. सासूबाईंनी मोठ्या मनाने होकार दिला आणि मग त्या मोठ्या मनाची वसुली कधी थांबवलीच नाही. "आम्ही पदरात घेतलं म्हणून," हे वाक्य त्या कोथिंबिरीसारखं कशावरही भुरभुरवत. यंदा मुलाकडे राहायला आल्या, तेव्हा सामानातून तेही घेऊन आल्या.

त्याच आठवड्यात सात वर्षांच्या लेकीला, चिमणीला, आंघोळ घालताना काकूबाईला तिच्या गुडघ्यावर मसुरीच्या डाळीएवढा पांढरा डाग दिसला. डॉक्टरीणबाईंनी तपासून कोडच असल्याचं सांगितलं. दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही. उन्हात जाताना क्रीम चोपडा आणि खुशाल खेळू द्या, म्हणाल्या. काकूबाईने त्यांच्यासमोर मान डोलावली आणि घरी येऊन नळ सोडून रडून घेतलं.

सासूबाईंच्या कानात त्यातलं 'उन्हात' तेवढंच शिरलं. शनिवारी सहलीची पिशवी भरताना त्यांनी चिमणीचा पोहायचा पोशाख गुपचूप कपाटात परत ठेवला आणि पोरीला घोट्यापर्यंतची विजार चढवली. नातीचे दुधाचे दात पडत होते आणि आजीला तिच्या लग्नाची काळजी लागली होती! समुद्रावर पोचल्यावर काकूबाईला ते कळलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. भांडणाच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा तो गृहस्थ म्हणाला, जाऊ दे ना, एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

तिची आईही पहिल्यांदा असंच म्हणाली होती. आजच्या दिवस घाल लांब बाह्या, पाहुणे गेले की काढ. पाहुणे गेले, बाह्या राहिल्या.

वाळूवर ऊन मी म्हणत होतं. बरोबर आलेल्या मंडळींची पोरं पाण्यात धिंगाणा घालत होती. चिमणी घामाघूम होऊन चटईवर बसली होती. थोड्या वेळाने ती सगळ्यांच्या चपलांच्या जोड्या लावू लागली. डावी, उजवी, नीट शेजारी शेजारी.

"आई, तू जा हवं तर पाण्यात," ती म्हणाली. "चपला मी बघते."

काकूबाईच्या डोक्यात तिडीक गेली. खाऊची पाकिटं कापायला आणलेली कात्री तिने डब्यांमधून ओढून काढली आणि अंगातल्या कुडत्याची बाही खांद्यापासून कापली. मग दुसरी. मग चिमणीची विजार गुडघ्याच्या वर. क्रीमची अख्खी ट्यूब दोघींच्या अंगावर पिळली. तिच्या हातांनी इतकं ऊन कधी पाहिलंच नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीचा रागही येत होता.

सासूबाईंनी टॉवेल पुढे केला. चारचौघांत हे काय, लोक काय म्हणतील, असं त्या पुटपुटत होत्या. लोक पालथे पडून ऊन खात होते. एका आजोबांनी तेवढी मान वळवली, तीही कात्रीकडे बघायला.

"आई, माझं तुम्ही सगळ्यांनी झाकलंत आणि मी झाकू दिलं," काकूबाई सासूबाईंना म्हणाली. "हिचं कुणी झाकायचं नाही."

तिने चिमणीचा हात धरला आणि पाण्याकडे पळत सुटली. लाट अंगावर आली तशा दोघी किंचाळल्या.

दमून परतल्या तेव्हा सासूबाईंनी दोन्ही बाह्या झटकून, घडी घालून मांडीवर ठेवल्या होत्या. घरी गेल्यावर शिवून टाकू, म्हणाल्या, जोड कुणाला दिसायचाही नाही.

काकूबाईने त्यातली एक उचलली, मनगटाकडच्या टोकाला गाठ मारली आणि चिमणीच्या हातात दिली. "जा, यात शंख भरून आण."

चिमणी दोन पावलं गेली आणि थबकली. "आणि चपला?"

"ज्याच्या त्याने बघाव्यात," काकूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, आणि तिच्यामागून निघाली.