पाच मिनिटांची नदी

वाडग्याच्या काठावरचा टवका... निळ्या एनॅमलखालचं काळं लोखंड, बोटाच्या पेराएवढं... त्यावरून कोदू सारचा अंगठा फिरत राहिला, आणि मग तिच्या लक्षात आलं की हा वाडगा आपण तिसऱ्यांदा पुसतो आहोत. नऊ वाजून गेले होते. एरवी ह्या वेळेपर्यंत उष्ट्या वाडग्यांचा ढीग पडलेला असे. आज शेंगदाण्याच्या रश्श्यावर तेल तसंच तरंगत होतं, भाताची वाफ झाकणाखाली जिरत होती, आणि फेरीबोटीच्या धक्क्याकडे उतरणारा तांबडा रस्ता रिकामा होता. तो इतका रुंद आहे हे अठरा वर्षांत तिला दिसलंच नव्हतं. त्यावर कायम मालट्रक बोटीच्या रांगेत उभे असत, एकामागे एक, कधी दोन दिवस, कधी पाच.

कालपासून जड गाड्यांना पूल खुला झाला होता.

राजधानीतून, बांजुलच्या कचेरीतून आलेला जालो नावाचा कारकून बाकावर बसून फॉर्म भरत होता.

"व्यवसाय?"

"गाड्या थांबतात, माणसं जेवतात."

"थांबायच्या, काकू," तो लिहिता लिहिता म्हणाला. "खानावळ लिहितो. टोलनाक्याजवळ टपऱ्या देणार आहेत. तुमचा नंबर लागेल."

मग तो देशाचा फायदा सांगू लागला. ती ऐकत होती, नव्हती. देश म्हटला की तिला शाळेतला नकाशा आठवे: वर सेनेगल, खाली सेनेगल, मधे नदी आणि नदीला चिकटलेले आपण. त्यांना आपल्यामधून जावं लागतं आणि चटकन जाता येत नाही... एवढ्यावरच तर ह्या काठाचं पोट चाललं होतं. हे फॉर्ममध्ये कुठे लिहायचं?

जालो गेला. अकराच्या सुमारास एक ट्रक पुलाचा डांबरी रस्ता सोडून खाली उतरला. आवाजावरूनच तिनं ओळखलं, आणि ओळखलं म्हणून ती उठली नाही.

अन्सुमाना सांबू, दक्षिणेकडच्या बिन्योना गावचा. डाकारहून सिमेंट घेऊन दक्षिणेला जायचा, महिन्यातून दोनदा, अकरा वर्षं. तो जोला, ती सेरेर. ह्या दोन जमातींत थट्टेचं नातं पूर्वापार, एकमेकांना गुलाम म्हणायचं आणि कुणी रागवायचं नाही.

"काय गं गुलामा, मालक आला तरी बसूनच?"

"मालक? भात दिसला की जोला कुणालाही मालकीण म्हणतो. हात धू आधी."

तो जेवायला बसला. वाट वाकडी करून आला होता; दोघांनाही ते ठाऊक होतं, आणि त्यामुळेच की काय, पुढे बोलायला काही सुचेना. रांगेत असताना कसं, एक वाक्य सकाळी निघायचं आणि त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी यायचं. त्याची बायको वारली हे त्यानं असंच सांगितलं होतं, तिसऱ्या दिवशी, टायरवर पाणी मारता मारता. तिनंही आपला नवरा स्पेनला गेला आणि मग त्याचे फोन थांबले, हे कधी सांगितलं, आठवत नाही. हळूहळू सांगून झालं होतं. आता त्यानं दहा मिनिटांत वाडगा रिकामा केला आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ते घड्याळ तिनं आज पहिल्यांदाच पाहिलं.

"चल, पूल दाखवतो. येताना चालत ये."

भांडं शेजारणीवर सोपवून ती केबिनमध्ये चढली. चढण लागली, नदी खाली गेली. पाणी वरून मातकट, सपाट, कुणाचीही अडवणूक न करणारं दिसत होतं. धक्क्याला बांधलेली बोट तिला ओळखूच आली नाही.

"बिन्योनालाही माणसं जेवतात," सांबू समोर बघत म्हणाला.

"जोलांना रांधून वाढायचं? नुसता भात टाकला तरी खातात. माझ्या हाताची किंमत कोण करणार?"

तो हसला. नेहमीसारखाच... की थोडा उशिरा? इतक्यात पूल संपला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. त्यानं कडेला घेतलं.

"उतरतेस?"

ती उतरली. हात हलवला. ट्रक गेलासुद्धा.

परत चालताना उन्हानं डोकं तापलं होतं. उतरतेस... हा प्रश्न होता का? ड्रायव्हर कुणालाही विचारतात तसा? आधीचं वाक्य थट्टा होती, की थट्टेच्या आडून बोललेलं? धक्क्यावर असते तर संध्याकाळी चहा देताना मी सहज म्हटलं असतं, काय रे, मघाशी काय म्हणत होतास? आणि मग तो हो म्हणाला असता, किंवा नाही म्हणाला असता, आणि मीही. काय म्हणाले असते मी? तेही रांगेतच ठरलं असतं, सावकाश.

पुलाच्या मध्यावर ती थांबली. खाली दोन्ही काठांवरची खारफुटी, टपऱ्यांचे पत्रे, कुठेतरी तिचाही. शेजारणीनं भांड्यावर झाकण ठेवलं असेल, नसेल. ह्याची काळजी वाटायला हवी होती. ती वाटत नव्हती. त्या जागी दुसरंच काहीतरी होतं, छातीशी, गरम. तिला आधी ते दुःखच वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं, हा राग आहे. पुलाचा, सांबूचा, की अकरा वर्षं कशालाच घाई न करणाऱ्या आपल्यातल्याच त्या बाईचा, ते ठरेना. नवरा गेला तेव्हाही असा आला नव्हता.

मागून एक ट्रक आला, पूल थरथरला, वाऱ्यानं डोक्यावरचं फडकं सुटलं. ते पुन्हा घट्ट बांधून ती चालू लागली. हळू, ओतप्रोत भरलेलं भांडं हिंदकळू नये तसा तो राग सांभाळत.